कोहामध्ये आपले बदल ठेवून अपडेट पण घ्यायचे असतील तर: गिटमध्ये पॅच कसे सांभाळायचे

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी जे कोहा (वाचनालयाचं सॉफ्टवेअर) किंवा तसलं कुठलंही ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतात आणि त्यात स्वतःचे चार बदल करून बसलेत. अशा एकेका बदलाला पॅच म्हणतात, आणि गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल. मी गोव्यात फोंड्याकडच्या एका वाचनालयाचं कोहा बघतो म्हणून उदाहरणं सगळी तिथली आहेत, पण मूडल असो, ईआरपी असो, पद्धत तीच. आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलात रोमनमध्येच टाइप करायच्या.

कोहाची नवी आवृत्ती दर ६ महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये, आणि मधल्या काळात दुरुस्तीच्या छोट्या आवृत्त्या येतच असतात, त्यात सिक्युरिटीचे फिक्स पण असतात. आता होतं काय, कोणीतरी सर्व्हरवर जाऊन टेम्प्लेटमध्ये दोन ओळी बदलतो, काम होतं, सगळे खूश. मग अपडेट केलं की पॅकेज त्या फायली नव्याने टाकतं आणि बदल गेले. मग पुढच्या वेळी भीतीने अपडेटच करत नाहीत, आणि असं करत करत तीन तीन वर्षं जुनी आवृत्ती चालू राहते, जिच्यात माहीत असलेली भोकं तशीच उघडी. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण वाचकांचे पत्ते, फोन नंबर सगळं त्याच डेटाबेसमध्ये असतं.

बदल करणं हे काम छोटंच आहे. तोच बदल पुढच्या आवृत्तीवर नेणं, आणि त्याच्या पुढच्या, हे खरं काम. त्यासाठी एकच धोरण चालतं असं माझं ठाम मत आहे: आपले बदल मूळ कोडच्या वर, सुटे सुटे, कारण लिहून ठेवायचे आणि त्यांची संख्या कमी कशी होईल हे सतत बघायचं. बाकी सगळ्या कमांड याच्यासाठी.

आधी बघा पॅच लागतो का

सगळ्यात चांगला पॅच म्हणजे जो लिहावाच लागला नाही. पावती मराठीत हवी? ती टूल्समधल्या नोटिसेस अँड स्लिप्समध्ये बदलता येते, कोडला हात लावायची गरज नाही. रंग, लोगो, एखादं बटण लपवणं हे ओपॅकयूजरसीएसएस आणि ओपॅकयूजरजेएस या सिस्टम प्रेफरन्समधून होतं, ते डेटाबेसमध्ये राहतं म्हणून अपडेटमध्ये पुसलं जात नाही (पान बदललं तर जेएस तपासावं लागतं, तेवढं). आपल्याकडे सभासदाच्या पत्त्यात वाडा वेगळा लिहायचा असतो, कारण एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असतात, त्यासाठी लोक टेबलात कॉलम वाढवायला निघतात. अजिबात करू नका! पेट्रन अ‍ॅट्रिब्यूट म्हणून नवीन प्रकार तयार करा, झालं. आणि याच्याही पलीकडचं काही असेल तर कोहाला प्लगिनची सोय आहे, प्लगिन स्वतःची टेबलं ठेवू शकतं.

डेटाबेसची रचना बदलणारा पॅच मी कोणालाच सुचवणार नाही. कोड मागे घेता येतो, पण मूळ प्रोजेक्टने पुढच्या आवृत्तीत त्याच टेबलात त्याच नावाचा कॉलम आणला की अपडेट मध्येच अडकतं आणि तेव्हा लाइव्ह डेटावर हात चालवावा लागतो.

मग खरोखर पॅच कशाला लागतो? आमच्याकडचा एक सांगतो. मराठीत ॲटलस लिहिताना कोणी ॲ हे एकच अक्षर टाइप करतं, कोणी अ ला वर चंद्र लावतं, आणि काही कीबोर्ड त्या दोघांच्या मध्ये न दिसणारा जोडक पण टाकतात. डोळ्याला तिन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. ऱ चं तसं नाही, तो एकसंध असो किंवा र खाली नुक्ता देऊन केलेला असो, युनिकोडचं नॉर्मलायझेशन दोन्ही एकच करून टाकतं. ॲ च्या बाबतीत युनिकोडमध्ये तसं नातंच दिलेलं नाही, म्हणून पुस्तक कपाटात असून शोधात सापडत नाही आणि वाचक परत जातो. झेब्राच्या (कोहाच्या शोधयंत्राच्या) आयसीयू साखळीच्या फाइलीत, म्हणजे अक्षरं कशी धरायची ते नियम जिथे असतात तिथे, हे तिन्ही प्रकार एकाच रूपात आणणारा नियम घालायचा, मग इंडेक्स पूर्ण नव्याने बांधायचा. छोटासा बदल, पण मराठी वाचकाला रोज उपयोगी. गोव्यातल्या कॅटलॉगमध्ये मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज एकत्र नांदतात, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ सालचं, तेव्हा अशा गोष्टी आपल्यालाच आधी लक्षात येणार आणि आपणच त्या दुरुस्त करायच्या.

सर्व्हरवर आधीच कोणी बदल केले असतील तर

बऱ्याच ठिकाणी हीच परिस्थिती असते, आधीचा माणूस सोडून गेला आणि काय बदललंय कोणाला माहीत नाही. घाबरायचं कारण नाही. डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेजने कोहा टाकलं असेल तर डेबसम्स नावाचं टूल इन्स्टॉल करा आणि

डेबसम्स -सी कोहा-कॉमन

चालवा, पॅकेजमधल्या मूळ फायलींपेक्षा वेगळ्या झालेल्या फायलींची यादी समोर येते. कॉन्फिग फायली हे टूल सहसा सोडून देतं, त्या पण बघायच्या तर -ए सुद्धा लावा. मग त्याच आवृत्तीचं पॅकेज वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, तिथे गिट इनिट करून सगळं कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), आणि वरून सर्व्हरवरच्या बदललेल्या फायली टाका. आता गिट डिफ जे दाखवेल तेच तुमचे बदल. पूर्ण फाइलच बदललेली दिसली तर बहुतेक वेळा कोणीतरी विंडोजवर उघडून सेव्ह केलेली असते, ओळींची शेवटं बदललेली असतात, तेव्हा --इग्नोर-स्पेस-अ‍ॅट-ईओएल लावून परत बघा, खरा फरक तीन ओळींचा निघतो.

एक लक्षात ठेवा, आवृत्ती अगदी तीच हवी. कोहाच्या अबाउट पानावर पूर्ण नंबर असतो, शेवटच्या दोन आकड्यांसकट तो घ्या. जवळची आवृत्ती घेतलीत तर मूळ प्रोजेक्टने केलेले बदल तुमच्या नावावर चढतील आणि सगळा घोळ.

रिपॉझिटरी मांडायची कशी

झिप किंवा टार डाउनलोड करून त्यात गिट इनिट हा मार्ग कायमसाठी घेऊ नका, वरचं फक्त शोधकामापुरतं होतं. मूळ प्रोजेक्टची रिपॉझिटरी (कोडचा साठा) इतिहासासकट क्लोन करा, म्हणजे पूर्ण प्रत घ्या. कोहाची मोठी आहे, आपल्याकडचं नेट बघता रात्री लावून ठेवलेलं बरं. रिमोट (कोड जिथून आणायचा, जिथे पाठवायचा ते पत्ते) दोन ठेवा, एक 'मूळ' आणि एक 'आमचं'. मूळच्या शाखांवर (शाखा म्हणजे कोडची वेगळी चालणारी वाट) आपण कधीही कमिट करायचं नाही. आपली शाखा थेट टॅगवरून (ठरावीक आवृत्तीला लावलेल्या नावावरून) काढायची:

गिट स्विच -सी आमचं-२४.०५.०४ व्ही२४.०५.०४

शाखेच्या नावातच पाया कुठला ते लिहिलेलं असल्यामुळे सहा महिन्यांनी विचारावं लागत नाही.

आता कमिट. एक पॅच एक विषय. शोधातला ॲ चा बदल आणि ओव्हरड्यूच्या पानावरचा बदल एकाच कमिटमध्ये असेल तर उद्या एक मूळमध्ये गेला की दुसरा त्याच्यात अडकून राहतो. आधीच मिसळलेलं असेल तर गिट अ‍ॅड -पी ने तुकडा तुकडा निवडून वेगळं करता येतं, थोडा वेळ जातो, पण तो वेळ द्या.

आणि कमिटचा मजकूर, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक इथेच आळस करतात. "टेम्प्लेट फिक्स" असं लिहिलेल्या कमिटचं दोन वर्षांनी काय करायचं? ठेवायचा की टाकायचा? कोड वाचून काय केलंय ते कळतं, का केलंय ते कळत नाही, आणि नवीन आवृत्तीवर नेताना प्रश्न नेहमी का चाच असतो. मी साधारण असं लिहितो:

शोध: ॲ ची तिन्ही रूपं एकच धरणे
का: शीर्षकात ॲ असलेली पुस्तकं काही कीबोर्डवरून शोधता येत नाहीत
कोणी मागितलं: देवघेव काउंटर
प्रकार: मूळकडे पाठवायचा
तपासायचं कसं: तिन्ही प्रकारे टाइप करून शोधा, निकाल सारखे यायला हवेत
काढायचा केव्हा: मूळमध्ये आला की

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक पॅच कधी मरणार हे त्याच्या जन्माच्या वेळीच लिहून ठेवा. ही काही माझी कल्पना नाही, मोठे प्रोजेक्ट वर्षानुवर्षं हेच करतात. अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये प्रत्येक पॅचच्या मथळ्याच्या सुरुवातीला अपस्ट्रीम, बॅकपोर्ट, फ्रॉमलिस्ट किंवा अँड्रॉइड असं लेबल असतं, म्हणजे नुसती यादी वाचून कळतं की कुठला पॅच मूळमधून आणलाय, कुठला पाठवलाय पण अजून घेतला गेला नाही, आणि कुठला फक्त त्यांचाच. डेबियनमध्ये डेप-३ म्हणून ठरलेला नमुना आहे, त्यात पॅच मूळ प्रोजेक्टला पाठवला की नाही हे लिहायला फॉरवर्डेड अशी ओळच आहे. आपल्या छोट्या वाचनालयाला पण हे झेपतं.

क्रम पण विचार करून लावा. मूळकडे जाणारे पॅच खाली, म्हणजे टॅगला चिकटून, आणि कायम आपलेच राहणारे वर. कारण खालचे पॅच वरच्यांवर अवलंबून नसतील तरच ते जसेच्या तसे उचलून पाठवता येतात.

नवीन आवृत्तीवर नेताना

मर्ज (मूळचे नवे बदल आपल्या शाखेत मिसळणं) की रिबेस (आपले पॅच उचलून नव्या पायावर परत लावणं), हा वाद कायम असतो. मर्ज करणाऱ्यांचं म्हणणं असतं की इतिहास जसा घडला तसा राहतो, आणि मोठ्या टीममध्ये त्याला अर्थ आहे. पण पॅच सांभाळायचे असतील तर मी रिबेसच सांगेन. चार पाच वेळा मूळ आवृत्ती आपल्या शाखेत मर्ज केली की आपले बदल थोडे मूळ कमिटमध्ये, थोडे मर्जच्या कॉन्फ्लिक्टमध्ये (दोघांचे बदल एकाच जागी भिडतात तिथे) असे विखुरतात, आणि एकदा खोबरं वाटून हुमणात पडलं की ते जसं परत काढता येत नाही तसा एखादा पॅच वेगळा काढणं मुश्किल होऊन बसतं. रिबेस केलं की गिट लॉग व्ही२४.११.०० पासून पुढे बघितला की आपली पूर्ण यादी समोर, ना एक कमी ना एक जास्त.

आता नीट वाचा, कारण इथे बरेच जण अडकतात. २४.०५.०४ हा टॅग स्थिर शाखेवर आहे आणि २४.११.०० मुख्य शाखेतून आलेला आहे, म्हणजे २४.०५ च्या स्थिर शाखेवर मूळवाल्यांनी जे बॅकपोर्ट केले (नव्यातले फिक्स जुन्यात आणले), आवृत्तीचे नंबर वाढवले, ते कमिट २४.११ च्या इतिहासात त्याच ओळखीने नाहीत. तुम्ही साधं गिट रिबेस व्ही२४.११.०० केलंत तर गिटला वाटतं ते सगळे तुमचेच पॅच आहेत आणि तो तेही उचलायला लागतो, मग ज्या फायलींना तुम्ही हातसुद्धा लावला नाही तिथे कॉन्फ्लिक्ट येतात. म्हणून पाया स्पष्ट सांगायचा:

गिट स्विच -सी आमचं-२४.११.०० आमचं-२४.०५.०४
गिट रिबेस --ऑन्टो व्ही२४.११.०० व्ही२४.०५.०४

अर्थ असा की २४.०५.०४ च्या नंतरचे तेवढेच कमिट घे आणि २४.११.०० वर लाव. नवीन शाखा काढून केल्यामुळे जुनी जशीच्या तशी राहते, काही बिघडलं तर तिच्यावर परत जाता येतं, आणि फोर्स पुश (रिमोटवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणं) करायची वेळच येत नाही. दोघं तिघं मिळून काम करत असाल तर हा नियमच करा: चालू आवृत्तीच्या शाखेवर इतिहास बदलायचा नाही, दुरुस्ती असली तर गिट कमिट --फिक्सअप ने वर टाकायची, आणि आवृत्ती बदलताना -आय आणि --ऑटोस्क्वॉश लावून ती त्या त्या पॅचमध्ये मुरवायची.

रिबेसच्या आधी एक मिनिट काढून हे बघा:

गिट चेरी -व्ही व्ही२४.११.०० आमचं-२४.०५.०४ व्ही२४.०५.०४

ज्या पॅचसमोर वजाची खूण येते तो मूळमध्ये तसाच्या तसा पोचलाय, तो सोडून द्या. मूळवाल्यांनी थोडा बदलून घेतला असेल तर अधिकची खूणच दिसेल, तेव्हा कमिटमध्ये लिहिलेला बग नंबर त्यांच्या इतिहासात शोधा. अशा वेळी कॉन्फ्लिक्ट आला तर त्यांचा कोड ठेवायचा, आपला हट्ट करायचा नाही, त्यांनी तपासून घेतलेला असतो.

दोन सेटिंग आजच करून ठेवा. एक रिरेरे डॉट एनेबल्ड ट्रू. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं आणि तोच परत आला की स्वतः सोडवतं, रिबेस वारंवार करणाऱ्यांना याच्याइतकं सुख नाही. फक्त चुकीचं उत्तर दिलं असेल तर तेही तितक्याच निष्ठेने लक्षात ठेवतं, तेव्हा गिट रिरेरे फर्गेट आणि फाइलीचं नाव देऊन ते विसरायला लावायचं. दुसरं मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३, हे गिट २.३५ पासून आहे, कॉन्फ्लिक्टमध्ये दोन बाजूंच्या मध्ये मूळ मजकूर पण दिसतो, त्यामुळे कोणी काय बदललं ते कळतं, अंदाज करावा लागत नाही.

रिबेस न अडखळता पार पडलं म्हणून सगळं ठीक असं धरू नका. कॉन्फ्लिक्ट फक्त त्याच ओळींवर भांडण असेल तर येतो. मूळवाल्यांनी एखाद्या फंक्शनचं नाव बदललं आणि तुमचा पॅच दुसऱ्या फाइलीत जुन्या नावाने त्याला हाक मारतोय, तर गिट काही बोलणार नाही, सकाळी काउंटरवर पुस्तक देताना एरर येईल. म्हणून दोन गोष्टी करायच्या. पहिली:

गिट रेंज-डिफ व्ही२४.०५.०४..आमचं-२४.०५.०४ व्ही२४.११.००..आमचं-२४.११.००

हे पॅचांच्या दोन संचांची तुलना करतं, प्रत्येक पॅच जुन्या पायावर कसा होता आणि नव्यावर कसा झाला. २.१९ पासून गिटमध्येच आहे. मी हे वाचल्याशिवाय पुढे जात नाही, एखादा तुकडा कॉन्फ्लिक्ट सोडवताना गळून पडला असेल तर तो इथे लगेच दिसतो. दुसरी गोष्ट टेस्ट. कोहा पर्लमध्ये आहे, त्याच्या स्वतःच्या टेस्ट प्रूव्हने चालतात, आपल्या पॅचबरोबर एखादी टेस्ट त्याच कमिटमध्ये टाका, आणि रिबेसला --एक्झेक लावून प्रत्येक पॅचनंतर ती चालवा, म्हणजे नेमका कुठला पॅच मोडला ते कळतं. मग टेस्ट सर्व्हरवर खऱ्या डेटाच्या प्रतीवर काउंटरच्या माणसालाच बसवा: पुस्तक देणे, घेणे, दंड, नवीन सभासद. आपल्याला जे सुचत नाही ते त्यांना पाच मिनिटांत दिसतं.

सगळं बरं दिसलं की त्या कमिटला टॅग द्या, आणि सर्व्हरवर जातं ते फक्त टॅगवरून बांधलेलं पॅकेज. सर्व्हरवर कोणी एडिटर उघडायचा नाही, कितीही घाई असली तरी. हेच पॅकेज दुसऱ्या वाचनालयाला दिलंत तर सोर्स पण द्यायचा, कोहा जीपीएलखाली आहे.

नेट नसेल, लाइट नसेल

पावसात सत्तरी, सांगे, काणकोण बाजूला नेटचा भरवसा नसतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. गिटचं बरं हे की कमिट, रिबेस, रेंज-डिफ सगळं नेटशिवाय चालतं. वाचनालयाच्या दुसऱ्या शाखेत पॅच न्यायचे तर गिट फॉरमॅट-पॅच ने प्रत्येक पॅचची एक फाइल करा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिकडे गिट एएम -३ ने लावा. गिटची पूर्ण शाखाच न्यायची असेल तर गिट बंडल, सगळी शाखा एका फाइलीत येते आणि तिच्यावरून फेच करता येतं. मी दर टॅगनंतर फॉरमॅट-पॅचच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये पण ठेवतो, कारण साध्या टेक्स्ट फायली कधीही, कशातही उघडतात. डेबियनवाले तर पॅच फायलींच्या रूपातच सांभाळतात, डेबियन फोल्डरमध्ये पॅचेस आणि क्रमासाठी सिरीज नावाची फाइल, क्विल्ट नावाच्या टूलने, आणि जीबीपी पीक्यू ने ते गिटच्या शाखेत आणता नेता येतात. तुम्ही स्वतः पॅकेज बांधत असाल तर हे शिकून घ्या.

मूळकडे पाठवा

यादी लहान करायचा खरा मार्ग हाच. कोहाचं काम बगझिलावर (बग नोंदवायच्या साइटवर) चालतं: बग नोंदवायचा, पॅच जोडायचा, मग दुसऱ्या कोणीतरी तो तपासून साइन-ऑफ (चालतो अशी संमती) द्यायचा, त्यानंतर क्यूए (गुणवत्तेची तपासणी), मग तो मुख्य शाखेत. कमिटचा मजकूर तेव्हा इंग्रजीत लिहावा लागतो आणि का हा भाग जरा सविस्तर, कारण न्यूझीलंड किंवा फ्रान्समधल्या माणसाला ॲ ची तीन रूपं डोळ्यांना सारखीच दिसणार. कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोडमधले नंबर) लिहा, शोधाचे नमुने द्या, अपेक्षित निकाल द्या. आपल्यापुरता गावाच्या नावाचा कोड घातलेला पॅच कोणी घेणार नाही, पण तोच सेटिंगमधून बदलता येईल असा केलात तर घेतील.

आणि साइन-ऑफला प्रोग्रामर असावं लागत नाही, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कोहाचे सँडबॉक्स आहेत, तिथे ब्राउझरमधूनच पॅच लावून बघता येतो आणि चालला तर तिथूनच साइन-ऑफ देता येतो. म्हणजे म्हापशातली, मडगावातली, डिचोलीतली कुठलीही ग्रंथपाल बाई हे करू शकते, तिला देवनागरी शोधात काय यायला हवं ते कोणाही डेव्हलपरपेक्षा जास्त कळतं. फक्त ज्याने पॅच लिहिला त्यालाच स्वतःला साइन-ऑफ देता येत नाही, म्हणून तुमच्याकडे असा पॅच पडून असेल तर दुसऱ्या वाचनालयातल्या कोणाला तरी बगचा नंबर पाठवा आणि त्यांचा एखादा पॅच तुम्ही तपासा.